हाड धरेपर्यंत

कोचबाईंचे पुढचे दोन दात तलावात पडले, तेव्हा सकाळची ज्येष्ठांची तुकडी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बुडबुडे काढायला शिकत होती. शिकत होती असं आपलं म्हणायचं. खरं तर सहाही काका हनुवटी पाण्याला लावायचे, डोळे घट्ट मिटायचे आणि हवेतच फुंकर मारायचे. एकाही काकांचं नाक अजून ओलं झालेलं नव्हतं.

"पाणी आहे ते, विस्तव नाही!" कोचबाई काठावर गुडघे टेकून ओरडत होत्या. "तोंड आत घाला आणि श्वास सोडा. माझ्याकडे बघा. असा! फूऽऽ!"

त्या 'फू'बरोबर त्यांच्या तोंडातून काहीतरी गुलाबी-पांढरं सुटलं, टॉवेलकाकांच्या टकलावर टप्पा घेऊन पुढे गेलं आणि 'डुबुक' आवाज करून तळाला बसलं.

कोचबाईंनी झटकन तोंडावर हात धरला. बऱ्याच वर्षांपूर्वी एक धिप्पाड शिकाऊ पोहणारा नेमका त्यांच्या हनुवटीखालून वर उसळला होता आणि त्याच्या टाळूने कोचबाईंचे वरचे दोन दात नेले होते. तेव्हापासून त्या गुलाबी प्लेटवर बसवलेले दोन दात वापरत. सकाळी घालायचे, झोपताना काढायचे. अलीकडे प्लेट सैल झाली होती, बोलताना टाळ्याशी टकटक वाजायची. पण कोचबाई पडल्या हट्टी. जिभेने वर ढकलायचं आणि पुढे बोलायचं, हा त्यांचा इलाज.

"दात!" त्या हाताआडून म्हणाल्या. "माझे दात! कोणी हलू नका!"

सगळे हलले. आणि एवढे महिने घसा फोडून जे झालं नव्हतं, ते चुटकीसरशी झालं. सहाही काकांनी नाक धरलं, डोकी पाण्यात घातली आणि बुडं वर केली. तलावभर बुडबुडेच बुडबुडे! एक काका दात शोधता शोधता चक्क पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथे पोचल्यावर आपण पोहलो हे लक्षात येऊन घाबरून ओरडले. कोचबाई हाडाच्या कोच. तोंडाचं बोळकं झालेलं, तरी हे दृश्य बघून त्यांचा ऊर भरून आला.

शेवटी दात सापडले ते टॉवेलकाकांना. हे गृहस्थ पाण्यातसुद्धा गळ्यातला टॉवेल सोडत नसत. त्यांना ते सापडले टाचेखाली. कुर्र असा आवाज आला. त्यांनी हात खाली घालून मूठ वर काढली, उघडून पाहिली आणि अतिशय हळव्या आवाजात म्हणाले, "मॅडम, दोनाचे चार झाले हो."

घरी आल्यावर कोचबाईंच्या मिस्टरांनी ते चार तुकडे टेबलावर मांडले आणि चष्मा कपाळावर चढवून नीट पाहणी केली. मिस्टर आयुष्यभर गिलाव्याची कामं घेत आलेले. निवृत्त झाले तरी कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करून पाहायचे, मग पाणी मागायचे. त्यांच्या तोंडात वरखाली पूर्ण कवळी होती आणि तिचा त्यांना कोण अभिमान!

"दुरुस्तीत काही राम नाही," ते म्हणाले. "माझं ऐक, उरलेले सगळे काढून टाक आणि कवळी बसव. एकदा बसवली की कटकट नाही. दुखणं नाही, किडणं नाही."

"आणि चावणंही नाही," कोचबाई म्हणाल्या. दात नसल्यामुळे त्यांचं 'चावणं' 'थावणं' झालं. "गेल्या कित्येक वर्षांत तुम्ही एक पेरू खाल्लेला नाही. बी कवळीखाली गेलं की घरभर नाचता."

"नाचत नाही. फिरतो."

दोघं दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणजे एक तरुण, बारकीशी मुलगी. हसरी आणि कमालीची नीटनेटकी. तिने तलाव, काका, टाच असं सगळं रामायण ऐकून घेतलं, फोटो काढले, कोचबाईंच्या जबड्याचं चित्र पडद्यावर गरगर फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "तीन मार्ग आहेत. एक, नवी प्लेट. पण हिरडी बसत चालली आहे, तीही सैल होणार. दुसरा, ब्रिज, त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक करावे लागतील. तिसरा, इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचे आणि त्यावर दात."

"तिसरा," कोचबाई लगेच म्हणाल्या. चांगले दात घासायची कल्पना त्यांना मुळीच पटली नाही. उडणारी प्लेट तर नकोच.

"अडचण एकच आहे. तुमच्याकडे हाड नाही."

कोचबाईंना हा सरळसरळ अपमान वाटला. "म्हणजे?"

"दात गेला की त्याच्या मागचं हाड हळूहळू विरत जातं. त्याला काम उरत नाही ना. तुमचं तिथलं हाड पुठ्ठ्याएवढं उरलंय. स्क्रू धरणार नाही. आधी भर घालावी लागेल, त्याला बोन ग्राफ्ट म्हणतात. हाडाचा चुरा भरायचा, वर पातळ पडदा ठेवायचा, टाके घालायचे आणि काही महिने थांबायचं. तुमचं हाड त्या चुऱ्याला धरलं, की मग स्क्रू."

आतापर्यंत स्टुलावर गप्प बसलेले मिस्टर एकदम पुढे सरसावले. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा डॉक्टर त्यांना समजेल असं बोलत होता.

"म्हणजे भिंत पोकळ आहे. खुंटी ठोकायच्या आधी भर घालायची."

"अगदी बरोबर."

"आणि वरचा पडदा म्हणजे आमचं गोणपाट. पाणी किती दिवस मारायचं?"

"पाणी नाही मारायचं," डॉक्टर म्हणाली. "उलट पाण्यापासून लांब राहायचं. काही आठवडे पोहणं बंद. फुंकर मारणं बंद. स्ट्रॉने ओढून पिणं बंद. मोठ्याने ओरडणंही जपून."

मिस्टरांनी बायकोकडे पाहिलं. हे सगळं बंद केल्यावर तिचं नेमकं काय शिल्लक राहतं, याचा ते हिशेब लावत असावेत.

"चुरा कुठला?" कोचबाईंनी विचारलं.

"तुमच्याच हनुवटीतून थोडं हाड काढता येतं, पण मग दोन ठिकाणी जखम होते. नाहीतर प्रयोगशाळेत बनवलेला मिळतो. किंवा प्राण्याच्या हाडावर प्रक्रिया करून केलेला. तो चांगला धरतो."

"कुठला प्राणी?" मिस्टर.

"बहुधा बैलच."

मिस्टरांनी स्टूल डॉक्टरजवळ ओढलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, प्रयोगशाळेतलाच घाला. हिच्यात बैलाची भर नको. आहे तेवढंच मला आवरत नाही."

ठरलं. दिवस ठरला. आणि तो दिवस उजाडला तसा कोचबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

हे त्यांनी कोणालाही कळू दिलं नाही. आयुष्यभर लोकांना खोल पाण्यात ढकलताना ज्या 'घाबरायचं काय त्यात?' म्हणत आल्या, त्यांनी कोणत्या तोंडाने सांगावं, की सुईचा नुसता विचार आला तरी मला पळून जावंसं वाटतं? त्या ताठ मानेने खुर्चीत बसल्या. मदतनीस बाईंनी गळ्यात निळा कागदी रुमाल साखळीने अडकवला. खुर्ची मागे गेली. दिवा लागला. डॉक्टरच्या हातात काहीतरी चमकलं.

"एक मिनिट," कोचबाई म्हणाल्या. "आमचे मिस्टर बाहेर बसलेत. त्यांना चक्कर आली असेल."

"त्यांना? का?"

"येते. कधीही येते."

त्या उठल्या, बाहेर आल्या. मिस्टर बाकावर बसून मासिकातल्या घरांच्या फोटोंमधल्या भिंतींना नावं ठेवत होते. त्यांच्या समोरून कोचबाई मान वळवून गेल्या, दरवाज्यातून निघाल्या, जिना उतरल्या आणि रस्त्याला लागल्या.

पोहणाऱ्या बाईची चाल ती! चौकात येईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. फळवाल्याने एवढंच पाहिलं, की गळ्यात निळा रुमाल बांधलेली एक उंच बाई तीरासारखी गेली. तिच्यामागून डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आणि हात दोन्ही बाजूंना वर धरलेली एक बारकी डॉक्टर धावत गेली. आणि तिच्यामागून मासिक हातात घेतलेले एक गृहस्थ, तोंडातली कवळी सांभाळत, "अगं थांब, अगं थांब" म्हणत गेले. फळवाला घाबरून दुकानात आत सरकला.

बसथांब्याच्या बाकावर कोचबाई सापडल्या. सापडल्या म्हणजे बसच आली नाही, म्हणून सापडल्या.

डॉक्टर धापा टाकत शेजारी बसली. "तुम्ही... किती... वेगात चालता हो..."

"श्वास चुकीचा घेतेस," कोचबाई म्हणाल्या. "तोंडाने नको, पोटातून घे. सोड. हळू सोड. आता पुन्हा."

डॉक्टरने तसं केलं. जरा वेळाने तिची धाप थांबली.

"घाबरलात ना?" तिने विचारलं.

"कोण? मी? छे!" कोचबाई म्हणाल्या. मग गळ्यातला निळा रुमाल खाली खेचून त्यांनी पाहिला. आता नाही म्हणण्यात काही अर्थ नव्हता. "हो. घाबरले. सांगू नकोस कोणाला."

"तुमच्या त्या काकांना भीती वाटते तेव्हा काय करता?"

"ढकलते."

"मला ढकलता येत नाही हो. मग मी काय करू?" डॉक्टरने हातमोजे काढले. "मला स्वतःला पाण्याची इतकी भीती वाटते, की मी बादलीनेच अंघोळ करते. शॉवर तोंडावर आला की ओरडते. गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर समुद्रावर गेले आणि तीन दिवस खोलीच्या खिडकीतून समुद्र बघितला. तोही पडदा अर्धा ओढून."

कोचबाई एकदम सावरून बसल्या. भीती कुठल्या कुठे गेली. समोर न पोहणारी व्यक्ती दिसली की त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं.

"म्हणजे तुला तरंगतासुद्धा येत नाही?"

"नाही."

"या वयात?"

"नाही म्हटलं ना."

"मग असं कर," कोचबाई म्हणाल्या. "मी तुझ्या खुर्चीत बसते. तू माझ्या पाण्यात ये. माझं हाड धरेपर्यंत तू तरंगायला शिकायचं. मंजूर?"

डॉक्टरचा चेहरा मास्कच्या वर जेवढा दिसत होता, तेवढा पांढराफटक पडला. पण मागे हटणं आता तिलाही शक्य नव्हतं. इतक्यात मिस्टर पोचले. दोन्ही बायका एकमेकींचा हात हातात घेऊन गंभीरपणे हलवताना त्यांनी पाहिल्या आणि हे भांडण आहे की समेट, हे न कळून ते नुसतेच मधे उभे राहिले.

त्या दिवशी ग्राफ्ट झालं. सुई टोचली तेव्हा कोचबाईंनी खुर्चीचे हात असे धरले, की एकाचं रेग्झिन उसवलं. पण पुढे तोंड बधिर झालं, काही दुखेना, दिव्याचं ऊन छान लागू लागलं आणि पहाटे उठायची सवय असलेल्या कोचबाई चक्क झोपल्या. नुसत्या झोपल्या नाहीत, घोरल्या. टाके घालताना मदतनीस बाईंना त्यांचा जबडा धरून ठेवावा लागला. बाहेर बसलेल्या रुग्णाने घाबरून विचारलं, "एवढी मोठी मशीन वापरतात का हो?" मिस्टर म्हणाले, "नाही. ते आमचं घरचं आहे."

खरी परीक्षा पुढे होती. सुजलेलं तोंड घेऊन कोचबाई दोनच दिवसांत काठावर हजर झाल्या. पाण्यात उतरायचं नव्हतं, ओरडायचं नव्हतं. मग त्यांनी तोड काढली. मिस्टरांना सोबत आणलं. त्या मिस्टरांच्या कानात कुजबुजायच्या, मिस्टर मोठ्याने सांगायचे.

"पाय सरळ ठेवायला सांगा," त्या कुजबुजल्या.

"पाय ओळंब्यात धरा!" मिस्टर गरजले. "काका, तुमची डावी बाजू बाहेर आलीय! घ्या आत!"

"हातांनी पाणी हळू मागे ढकला म्हणावं."

"थापी फिरवल्यासारखे हात फिरवा! दाबायचं नाही! सपाट! हां, आता कसं काम दिसतंय!"

कोचबाईंनी दातओठ खाल्ले असते, पण दात नव्हते आणि ओठ सुजला होता. वाईट एवढंच, की काकांना हे समजायला लागलं. जे 'शरीर एका रेषेत' म्हणून इतके महिने समजलं नव्हतं, ते 'ओळंबा' म्हटल्यावर पटकन डोक्यात शिरलं. टॉवेलकाकांनी तर तिसऱ्या दिवशी टॉवेल काठावर ठेवला आणि मिस्टरांना म्हणाले, "सर, तुम्ही आधी का नाही आलात?"

सर! कोचबाईंच्या कानशिलाची शीर उडाली. घरी जाताना त्या नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

"डॉक्टरनी बोलू नको म्हणून सांगितलंय का?" मिस्टरांनी भाबडेपणाने विचारलं.

"अहो, सर," कोचबाई म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःला पोहता येतं का?"

"नाही. पण भिंत सरळ करायला मला वीट व्हावं लागत नाही."

यावर कोचबाईंना हसू आलं. हसल्यावर टाके ओढले गेले, म्हणून त्यांनी मिस्टरांच्या दंडाला चिमटा काढला.

डॉक्टर मात्र कोणाच्याच ओळंब्यात येईना. ती रोज यायची. पोहण्याची टोपी, चष्मा, नाकाला चिमटा, कानात बोळे असा सगळा सरंजाम चढवायची आणि पायरीवर बसून राहायची. पाणी घोट्यापर्यंत आलं की म्हणायची, "आज एवढं पुरे." काका तिला धीर द्यायचे. ज्या काकांनी तोंड पाण्यात घालायला एवढे महिने घेतले, ते आता डॉक्टरला सांगत होते, "अहो, पाणी आहे ते, विस्तव नाही!"

टाके निघाले, जखम भरली आणि पाण्यात उतरायची परवानगी मिळाली, तशी कोचबाईंनी तिला स्वतः हाताशी घेतलं. ढकललं नाही. कडेला उथळ पाण्यात तिला आडवं केलं, पाठीखाली हात धरला. डॉक्टर लाकडासारखी ताठ झाली आणि पायांकडून बुडायला लागली.

"मला एक सांग," कोचबाई सहज म्हणाल्या, "ते स्क्रू टायटॅनियमचेच का असतात? स्टीलचे का नाही?"

"कारण टायटॅनियमला हाड चिकटतं," डॉक्टर डोळे मिटून म्हणाली. "म्हणजे शरीराला ते परकं वाटत नाही. त्याच्या पृष्ठभागावर हाडाच्या पेशी वाढतात. आधी कडेने, मग..."

तिचा आवाज हळूहळू सैल झाला. मान सैल झाली. पाय वर आले. ती पेशी, भार आणि झीज यांबद्दल बोलत राहिली आणि कोचबाईंनी पाठीखालचा हात अलगद काढून घेतला. काठावर मिस्टर आणि सहा काका श्वास रोखून उभे होते. डॉक्टर इम्प्लांटवर आख्खं व्याख्यान देत तलावात आडवी पडली होती, आणि तिला धरलेलं नव्हतं कोणीही.

"...म्हणून घाई करायची नाही," तिने समारोप केला. "समजलं?"

"समजलं," कोचबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बराच लांबून आला.

डॉक्टरने डोळे उघडले, कोचबाई काठावर बसलेल्या पाहिल्या आणि एक किंकाळी फोडून दोन गटांगळ्या खाल्ल्या. मग कमरेएवढ्याच पाण्यात आहोत हे कळून ती उभी राहिली आणि नाकातोंडातून पाणी गाळत हसायला लागली. काकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर म्हणाले, "पहिला हात बरा झालाय. दुसरा हात द्यावा लागेल."

पुढच्या फोटोत कोचबाईंचं हाड छान जाड दिसलं. डॉक्टरने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, मिस्टरांनी पडद्यावर टकटक करून पाहिलं. स्क्रू बसले. पुन्हा काही महिने गेले, आणि मग दात. रंग निवडताना कोचबाईंनी हट्टाने सगळ्यात पांढरा मागितला. डॉक्टरने समजावलं, मिस्टर म्हणाले, "अगं, जुन्या भिंतीवर नवा स्विचबोर्ड दिसेल तो." शेवटी दोन छटा खालचा ठरला आणि तो कोचबाईंना स्वतःच निवडल्यासारखा वाटू लागला.

दात लागले त्या आठवड्यात त्यांना एका गोष्टीचं नवल वाटत राहिलं. जीभ सारखी वर जायची, काहीतरी ढकलायला, आणि ढकलायला काहीच नसायचं. सकाळच्या तुकडीत आता दोघंही शिकवत होते. म्हणजे शिकवायच्या कोचबाईच, पण काका हट्ट धरून बसले की मधूनमधून सरांनीही सांगावं. कोचबाईंनी दर वर्गाला दोन वाक्यं मंजूर केली. मिस्टर ती फार जपून वापरत.

डॉक्टरने जपून चावायची परवानगी दिली, त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना कोचबाईंनी फळवाल्याकडून एक पेरू घेतला. चांगला कडक, हिरवट. फळवाल्याने त्यांना ओळखलं आणि पेरू हातभर लांबूनच दिला. बागेतल्या बाकावर बसून त्यांनी तो रुमालाने पुसला आणि पुढच्या दातांनी कचकन तोडला. केवढा आवाज झाला! पलीकडच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.

मिस्टर बायकोकडे बघत होते. ते जरा जवळ सरकले. "गोड आहे का?"

"मधाळ आहे."

"बरं."

मग पेरूत डोकावून ते पुन्हा म्हणाले, "बिया बऱ्याच आहेत का?"

कोचबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पेरूवर रुमालाचं टोक घातलं, कडेचा बिनबियांचा पांढरा गर तेवढा दातांनी नीट तोडला, बारीक केला आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"उष्टा नाही," त्या म्हणाल्या. "चिमणीच्या दाताचा आहे."

मिस्टरांनी तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. कवळी इकडून तिकडे हलवत खूप वेळ चघळला. मग डोळे न उघडताच त्यांनी तळहात पुन्हा पुढे केला.